ब्लेकचं फेल्पमचं घर: छप्पर नीट झालं की आत दाखवायचं काय?

चिंचोका

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहायला आल्यापासून डोक्यात घोळणारा एक विषय इथं टाकतेय.

बॉग्नर रीजिसला लागून फेल्पम नावाचं गाव आहे. कवी-चित्रकार विल्यम ब्लेक बायकोबरोबर तिथं सप्टेंबर १८०० ते सप्टेंबर १८०३ अशी तीन वर्षं राहिला. जन्म लंडनचा, मरण लंडनचं, मधली ही तीन वर्षं काय ती बाहेरची. त्याचं भाड्याचं घर अजून उभं आहे. गवती छपराचं, बुटकं, समुद्रापासून चालत काही मिनिटांवर. २०१५ साली एका विश्वस्त संस्थेनं ते लोकांना बघायला खुलं करायचं म्हणून विकत घेतलं. विकत घेणं हा त्यातला सोपा भाग निघाला. छपराची अवस्था वाईट, आतली लाकडं कुजायला लागलेली, आणि हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा-संस्थेच्या 'धोक्यातला वारसा' यादीत घराचं नाव.

दुरुस्ती करायलाच हवी, त्यात वाद नाही. मला प्रश्न पडलाय तो त्याच्या पुढचा. ब्लेकची म्हणावी अशी एकही वस्तू तिथं नाही. चित्रं टेटमध्ये नि ब्रिटिश म्युझियममध्ये, छपाईयंत्र गेलं, तांब्याचे पत्रे भंगारात गेले असावेत. मग लोकांनी आत जाऊन बघायचं काय? रिकाम्या खोल्या? की जुन्या बाजारातून आणलेली 'त्या काळची' मेज-खुर्ची? आमच्या वाचनगटात यावर बोलणं व्हायचंय, मला मत मांडायचंय. तुम्ही कवी-लेखकांची घरं पाहिली असतील तर काय भावलं, काय खटकलं ते लिहा.

अ_ब_क

ब्लेक म्हणजे शाळेतल्या त्या वाघाच्या कवितेवाला ना? तेवढंच आठवतंय. बाकी चालू द्या.

दर्दी_मुंबई

तोच. आणि इंग्लंडच्या घरच्या कसोटीत खेळाडू मैदानात उतरताना 'जेरुसलेम' वाजतं, ते शब्दही त्याचेच. फेल्पमला सुरू केलेल्या 'मिल्टन' या काव्याच्या प्रस्तावनेतल्या त्या ओळी. १९१६ साली ह्युबर्ट पॅरीनं चाल लावली आणि ते जवळजवळ दुसरं राष्ट्रगीत झालं. गंमत म्हणजे हे लिहिणाऱ्या माणसावर याच घराच्या बागेतल्या भांडणावरून राजद्रोहाचा खटला चालला होता.

खट्याळ_आजोबा

राजद्रोह? बागेत? कोणीतरी सविस्तर लिहा. चहा ठेवलाय.

चिंचोका

लिहिते आजोबा.

ऑगस्ट १८०३. नेपोलियन कधीही उतरेल या भीतीनं सगळ्या किनाऱ्यावर फौजा आणून ठेवलेल्या. स्कोफिल्ड नावाचा एक शिपाई ब्लेकच्या बागेत दिसला. माळ्यानंच त्याला मदतीला बोलावलं होतं, पण ब्लेकला त्याचा पत्ता नव्हता. 'बाहेर हो' म्हणाला, शिपाई हटेना, शब्दानं शब्द वाढला. शेवटी ब्लेकनं मागून त्याची कोपरं धरली आणि ढकलत ढकलत रस्त्यानं फॉक्स इनपर्यंत नेलं. शिपायांचा मुक्काम तिथंच होता. सगळ्या गावादेखत. झालं, शिपायानं शपथेवर सांगितलं की हा माणूस राजाला शिव्या देत होता, तुम्ही सगळे शिपाई गुलाम आहात म्हणाला.

युद्धाच्या दिवसांत हा आरोप साधा नव्हता. ब्लेकचा आश्रयदाता विल्यम हेली जामीन राहिला, वकील दिला. ११ जानेवारी १८०४ ला चिचेस्टरच्या गिल्डहॉलमध्ये खटला उभा राहिला आणि ब्लेक निर्दोष सुटला. तोवर तो लंडनला परतला होता. तो गिल्डहॉल म्हणजे जुन्या मठाच्या चर्चचा उरलेला भाग, आजही प्रायरी पार्कात उभा आहे. आणि ब्लेकनं उट्टं काढलंच: पुढच्या महाकाव्यात स्कोफिल्डचं नाव दुष्टांच्या यादीत घालून ठेवलं.

खट्याळ_आजोबा

आवारात पाय टाकला म्हणून थेट कोर्टकचेरी? हा तर कोकणातलाच माणूस की हो!

रत्नांग्रीकर

आजोबा, बांधाचा वाद नव्हता म्हणून पाच महिन्यांत निकाल लागला. बांधाचा असता तर आज आपण पुढच्या तारखेबद्दल बोलत असतो.

कौलारू

धागा आवडला. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं व्यवसायातलं.

चिंचोका, 'दुरुस्ती करायलाच हवी, त्यात वाद नाही' हे तुमचं वाक्य मला पटत नाही. सगळा वाद तिथंच असतो! दुरुस्ती कोणत्या सालापर्यंत मागं जाऊन करायची? हे घर ब्लेकच्या आधीचं आहे, आणि त्याच्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं माणसं त्यात राहिली. कोणी खोली वाढवली असेल, कोणी खिडकी बदलली असेल. ब्लेक राहिला तीनच वर्षं. त्या तीन वर्षांसाठी बाकीची दोनशे पुसायची का?

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर जुनं भांडण आहे. व्हिक्टोरियन काळात 'मूळ रूप' देण्याच्या नादात चर्चच्या चर्च खरवडून काढली गेली. त्याला विरोध म्हणून १८७७ साली विल्यम मॉरिसनं प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं सूत्र असं की रोजची निगा राखा, मोडलं तेवढं सांधा, आणि सांधलेलं लपवू नका. तिथले जाणकार आजही साधारण याच वाटेनं जातात. शिवाय हे घर 'दुसरी श्रेणी तारांकित' यादीत आहे. इंग्लंडमधल्या संरक्षित इमारतींपैकी जेमतेम ५.८ टक्के या श्रेणीत येतात. खिळा ठोकायलाही परवानगी लागते असं आम्ही थट्टेनं म्हणतो, पण ते फार खोटं नाही.

आता ओल. जुन्या भिंती चुन्याच्या असतात, त्या पाणी घेतात आणि वाऱ्याबरोबर सोडतात. विसाव्या शतकात कोणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा मारतो, वरून प्लास्टिकचा रंग. पाणी आत अडकतं. मग तुळयांची टोकं कुजतात, आणि ती भिंतीत गाडलेली असल्यामुळे दिसत नाहीत. समुद्राजवळच्या घराला वर खारा वारा. त्यामुळे 'छप्पर शिवलं की झालं' असं समजू नका. बराचसा पैसा असा जातो की बघायला येणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही.

नाखवा

कौलारू, अगदी. आमच्या काकांच्या जांभ्याच्या घराला कंत्राटदारानं असंच सिमेंट फासलं. दोन पावसाळ्यांत आतून लोणा धरला, भिंतीला हात लावला की भुकटी.

एक शंका. आमच्याकडे केंबळी घरं होती तेव्हा पावसाआधी शाकारणी व्हायचीच. पेंढा, गवत, पुढच्या पडवीला झापं. वर्षा-दोन वर्षांचं काम. इंग्रजांचं गवत म्हणे पिढीभर टिकतं. ते कसं काय?

कौलारू

नाखवा, तीन कारणं. पाऊस: ससेक्सच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, रत्नागिरीत ३००० च्या वर. उतार: तिथलं पाखं जवळजवळ ५० अंशांत उभं असतं, पाणी थांबतच नाही, वरचा थोडाच थर भिजतो. आणि जाडी: फूटभर सहज असते, जुन्यावर नवं चढवत गेलेलं असेल तर त्याहूनही जास्त. पाणथळीतला बोरू वापरला तर चाळीसेक वर्षं निघतात, गव्हाचा पेंढा त्याहून लवकर जातो. मात्र आढ्यावरची पट्टी दर दहा-पंधरा वर्षांनी नवी करावी लागते, आणि तीच कोणी वेळेवर केली नाही की पाणी थेट आत.

बोरू की पेंढा यावरही तिथं हाणामाऱ्या होतात. टिकतो म्हणून सगळीकडे बोरू घालत सुटले तर त्या त्या भागाची जुनी शाकारणीची पद्धत जाते, म्हणून संवर्धनवाले हटून बसतात.

गच्चीवरचा

एका छपरावर एवढं? मी आपला सोसायटीच्या गळतीवरचा ठराव आठवून गप्प बसलो.

मीनल_लीड्स

मी पाहिलेल्या दोन घरांबद्दल लिहिते.

ग्रासमीअरचं डव्ह कॉटेज. वर्ड्स्वर्थ १७९९ ते १८०८ तिथं होता, आणि १८९१ पासून ते लोकांना खुलं आहे. खोल्या काळोख्या, जमीन दगडी. वरच्या एका लहान खोलीत थंडी अडवायला डॉरथीनं, त्याच्या बहिणीनं, भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवली होती. आज तिथं पुन्हा जुनी वर्तमानपत्रं लावलेली आहेत. मूळची नाहीत हे माहीत असूनही ती खोली माझ्या लक्षात राहिली, कारण त्यातून घर किती गारठत असेल ते कळलं. काचेतल्या पेनांनी-चष्म्यांनी ते कळलं नसतं.

दुसरं, सॉमरसेटमधलं नेदर स्टोवी. कोलरिज १७९७ ते ९९ तिथं राहिला. म्हाताऱ्या खलाशाची कविता त्याच मुक्कामातली. ते १९०९ पासून बघता येतं आणि २०११ मध्ये पुन्हा मांडणी केली. तिथं मला 'हात लावू नका'चा जाच वाटला नाही. चुलीशी बसता येतं, वाचता येतं. माझा मुलगा टाक-दौतीनं लिहून बोटं काळी करून आला, तो अजून त्या घराबद्दल बोलतो. कोलरिजची एक ओळही त्यानं वाचलेली नाही.

प्रुफरीडर

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मी वेगळं काढून ठेवतो. 'एक ओळही वाचलेली नाही.' माझं म्हणणं तेच आहे.

कवीचं घर जपायचं हा मला पादुका पूजण्याचा प्रकार वाटतो. ब्लेकनं 'मिल्टन'ची शब्द-चित्रं स्वतः तांब्यावर कोरून, छापून, हातानं रंगवली. त्याच्या चारच प्रती आज ठाऊक आहेत, त्यातली एक लंडनला, बाकी तिन्ही अमेरिकेत. पण 'ब्लेक आर्काइव्ह' या संकेतस्थळामुळे पुण्यात बसून मी त्या पानाशी पान ताडून बघू शकतो, फुकट. तिथं कवी भेटतो. फेल्पमला काय भेटणार? खिडकी. त्यातूनही आता समुद्र नाही, मध्ये लोकांचे बंगले.

त्या छपराच्या पैशात ब्लेकच्या स्वस्त, चांगल्या छापलेल्या आवृत्त्या शाळाशाळांत वाटता आल्या असत्या.

दर्दी_मुंबई

प्रुफरीडर, असं कधी होतं का? छपरासाठी देणारा माणूस आवृत्तीसाठी खिशात हात घालत नाही. पैसा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत उचलून ठेवता येत नाही.

बाकी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. ब्लेक इथं सुखात होता असंही नाही. आला तेव्हा पत्रांत स्वर्गाची दारं उघडल्याची भाषा, असं घर तर राजवाड्यांचा नमुना व्हावं इतकं कौतुक. मग हेलीनं कामाला जुंपलं. त्याच्या ग्रंथालयासाठी कवींचे चेहरे रंगव, त्याच्या पुस्तकांसाठी चित्रं कोर, लघुचित्रं शीक म्हणजे चार पैसे मिळतील. हेतू चांगलाच होता, आणि तेच असह्य. ब्लेकनं वहीत लिहून ठेवलंय की बाबा रे, मैत्रीखातर माझा शत्रू हो.

तो हेली त्या काळी एवढा मोठा कवी की १७९० मध्ये राजकवीपद चालून आलं आणि यानं नाकारलं. आज त्याला कोण वाचतं? फेल्पममधलं त्याचं मनोरा असलेलं भलंमोठं घर पाडलं गेलं. भाडेकरूचं गवती घर मात्र राहिलं. मला तरी एवढ्यासाठी ते उभं राहायला हवंय.

हेमाक्का

इतके प्रतिसाद झाले, ब्लेकच्या बायकोचं, कॅथरिनचं, नाव एकानं घेतलं नाही. 'बायकोबरोबर' एवढ्यावर तिची बोळवण.

१७८२ मध्ये लग्न झालं तेव्हा नोंदवहीत तिनं सहीऐवजी फुली मारली. पुढं नवऱ्यानं लिहा-वाचायला शिकवलं, आणि ती त्याच्या छापखान्याची अर्धी भागीदार झाली. शाई लावणं, ओला कागद यंत्रावर बसवणं, दाब काढणं, रंग भरणं. फेल्पमला असताना हेलीच्या प्राण्यांवरच्या गाण्यांची चित्रं तिनं छापली. आणि हे सगळं हिवतापानं नि संधिवातानं जखडलेल्या अंगानं. ब्लेक पत्रात लिहितो की ही दुखणी तिची पाठच सोडत नाहीत. ज्या ओलीबद्दल कौलारू अभियांत्रिकी भाषेत सांगतायत, ती ओल तिनं हाडांत सोसली.

त्यामुळे चिंचोका, आत काय दाखवायचं विचारतेस तर स्वयंपाकघर दाखव. तो बागेत देवदूत बघत होता तेव्हा पाणी कोण भरत होतं ते दाखव.

मीनल_लीड्स

हेमाक्का +१००

प्रुफरीडर

हेमाक्का, हा मुद्दा मान्य. अभ्यासग्रंथांत कॅथरिन तळटीपेत असते, घरात तिला तळटीपेत ढकलता येणार नाही. पण त्यासाठीही दगड-विटांचं तेच घर हवं का, यावर मी अडलोय.

अ_ब_क

मध्येच विचारतो. ब्लेक नवरा-बायको बागेत विवस्त्र बसून मिल्टन कवीचं काव्य वाचायचे म्हणे. ती हीच बाग ना? तसं असेल तर तिकीट खपेल.

चिंचोका

नाही हो, ती गोष्ट लॅम्बेथच्या घराची, आणि ती खरी की कोणीतरी रचलेली यावरच अभ्यासक भांडतात. या बागेशी जोडली जाते ती परीची अंत्ययात्रा. टोळाएवढे हिरवे-राखी जीव गुलाबाच्या पाकळीवर मृतदेह ठेवून गाणी म्हणत नेत होते, असं त्यानं कुणा बाईंना बोलता बोलता सांगितलं होतं.

गच्चीवरचा

शेजारीच बॉग्नरला बटलिन्सचं सुट्टीचं शिबिर आहे ना? पाण्याच्या घसरगुंड्या, जत्रा. कोणी पोरांना तिथून काढून गवती घरात कशाला नेईल?

चिंचोका

आहे खरं. पावसाच्या दिवशी नेईल! इथं ते दिवस पुष्कळ.

बरं, ब्लेकच्या स्थलांतराचं कोणी काढलं नाही म्हणून सांगते. लंडनहून निघताना सोळा जड खोकी आणि छापील चित्रांनी भरलेल्या थैल्या. वाटेत सात वेळा गाड्या बदलल्या. पहाटे सहा-सातला निघाले ते रात्री साडेअकराला पोचले. घरभाडं वर्षाला वीस पौंड, मालक फॉक्स इनचाच.

गच्चीवरचा

सात वेळा सामान उतरवून चढवलं आणि बायको सोडून गेली नाही? हेमाक्का, तिचा पुतळाच उभारा.

रत्नांग्रीकर

आता मी मालगुंडला येतो. कोणीतरी येणारच होतं.

गणपतीपुळ्याच्या शेजारचं आमचं मालगुंड. केशवसुतांचं जन्मगाव. इंग्रजी रोमँटिक कवी वाचून, पचवून ज्यानं मराठी कवितेची कूस बदलली, चौदा ओळींचं सुनीत आणलं, तो माणूस याच किनाऱ्यावरचा. कोकण मराठी साहित्य परिषदेनं त्यांच्या जन्मघराच्या जागी स्मारक केलं. १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्घाटन झालं. केशवसुत १९०५ मध्ये प्लेगनं हुबळीला गेले, चाळिशीही गाठली नाही. तिथंही मागं उरलेलं सामान असं काय असणार? चिंचोकाताईंचा प्रश्न तोच आहे.

तिथलं उत्तर असं: कोकणी पद्धतीचं घर जपलंय, पण खरा ऐवज आवारात. कविता दगडांत कोरून उभ्या केल्यात. माणूस चालता चालता वाचतो. शाळेची सहल आली की मास्तर 'तुतारी' मोठ्यानं म्हणायला लावतात, पोरं आधी लाजतात, मग ओरडतात. प्रुफरीडरसाहेब, पुस्तक उघडायला न जाणारा माणूस तिथं कवितेला अडखळतो. घराचा हा उपयोग तुम्ही धरलाच नाहीत.

खटकणारंही सांगतो. गणपतीपुळ्याहून येणाऱ्या गाड्या पाच मिनिटं थांबतात, फोटो काढतात, आणि 'इथं जेवण कुठं चांगलं मिळतं' विचारून जातात. मी सांगतोही.

खट्याळ_आजोबा

कुठं मिळतं?

रत्नांग्रीकर

आजोबा, विपुत (विचारपुशीत) या.

प्रुफरीडर

रत्नांग्रीकर, 'कवितेला अडखळतो' हे मान्य करावं लागेल. पण केशवसुतांचा तो जन्माचा गाव, भाषा तीच, माणसं तीच. ब्लेक फेल्पममध्ये पाहुणा होता.

रत्नांग्रीकर

पाहुण्यानं तिथं 'मिल्टन' सुरू केलं, गावाचं नाव त्यात घातलं, घराचं चित्रही काढलं. आमच्याकडे चार दिवस राहून गेलेल्याची पाटी लागते, साहेब.

कौलारू

त्या चित्राबद्दल बोलायचंच होतं. 'मिल्टन'मधल्या एका पानावर घर काढून खाली चक्क 'फेल्पममधलं ब्लेकचं घर' असं लिहिलंय. दुरुस्ती करणाऱ्याला असा पुरावा मिळणं म्हणजे लॉटरी. त्या काळच्या किती सामान्य घरांची चित्रं असतात?

पण हा पुरावा कितपत धरायचा? त्याच चित्रात आकाशातून ओलोलोन नावाची दिव्य कुमारी बागेत उतरतेय. घराच्या रेषा खऱ्या धरायच्या आणि कुमारी कल्पना, असं कात्रीनं कापता येतं का? म्हणून आमच्याकडे नियम असा की चित्र भिंतीशी ताडून बघायचं. गिलावा थोडा खरवडला, खाली बुजवलेल्या खिडकीची चौकट सापडली, तर चित्र खरं. भिंत नाही म्हणाली तर भिंतीचं ऐकायचं.

खट्याळ_आजोबा

आणि कुमारी उतरली तर तिलाही जिल्हा परिषदेची लेखी परवानगी लागेल ना? तारांकित श्रेणी आहे म्हणालात.

कौलारू

लागेल. पायाचा ठसा उमटला तर दुप्पट कागद.

दर्दी_मुंबई

😂 धागा वाचनखुणेत.

चिंचोका

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

माझं मत आता बरंच ठरत आलंय. जुन्या बाजारातलं फर्निचर नको, तिथं मी प्रुफरीडरबरोबर. खोल्या मोकळ्या राहू देत. एकाच खोलीत मात्र चालतं छपाईयंत्र हवं, दोन रुळांमधून चाकानं फिरवायचं, ब्लेककडे होतं तसं. तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरं कशी लिहायची, आम्लानं बाकीचं खाल्लं की अक्षरं उठून कशी राहतात, हे लोकांच्या हातून करून घ्यायचं. यंत्रावर उभं राहायचं ते कॅथरिनच्या जागी. म्हणजे हेमाक्काचं म्हणणं आलं आणि मीनलच्या मुलासारखी काळी बोटंही झाली.

कौलारू

कल्पना चांगली, जागा चुकली. तसलं यंत्र म्हणजे शेकडो किलो वजन, आणि खालच्या तुळयांची स्थिती तुम्हीच वर लिहिलीय. आम्लाची वाफ नि हवा खेळती ठेवायची सोय, हे गवती छपराखाली विमावाला बघूसुद्धा देणार नाही. शिवाय खोल्या एवढ्याशा की एका वेळी सात-आठ माणसं झाली की जिना अडला. यंत्र बागेत वेगळ्या खोपीत ठेवा. घर मोकळं ठेवा.

हेमाक्का

म्हणजे बाईला पुन्हा मागच्या खोपीत!

कौलारू

आक्का, तसं नव्हतं म्हणायचं.

हेमाक्का

माहितीय रे. पण बघ कसं आपोआप होतं. निदान घरातल्या एका भिंतीवर तरी तिनं रंगवलेल्या पानांच्या चांगल्या प्रती लाव, तिच्या नावासकट.

मीनल_लीड्स

सात-आठ माणसं हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डव्ह कॉटेजलाही वेळ घेऊन, लहान गटात आत नेतात. तिकिटाच्या पैशावर असं घर चालणार नाही. नॅशनल लॉटरीचा वारसा निधी मिळाला तरी तो बहुधा एका कामापुरता असतो, दर दहा-पंधरा वर्षांची आढ्याची पट्टी त्यात बसत नाही. काही दिवस लेखक-चित्रकारांना भाड्यानं राहायला द्यावं आणि बाकी दिवस लोकांना. राहतं घर कमी कुजतं, खिडक्या उघडल्या जातात.

नाखवा

खरंय. बंद घर खरी मार खातं. आमच्या गावात मुंबईकरांची निम्मी घरं अशीच बसली.

प्रुफरीडर

राहायला देणार असाल तर माझा विरोध मागे. कोणीतरी तिथं बसून काही लिहील तरी. मात्र अंथरुणं कोरडी ठेवा.

अ_ब_क

जुलैत मुलीकडे ब्रायटनला येतोय. हा धागा वाचून जावंसं वाटतंय. आत जाता येईल का?

चिंचोका

अ_ब_क, दुरुस्तीच्या काळात आत जाण्याचा भरवसा धरू नका. निघण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावर बघा, अधूनमधून कार्यक्रम असतात. बाहेरून रस्त्यावरून घर दिसतं. रस्त्याचं नावही ब्लेकचंच. ब्रायटनहून बार्नमला गाडी बदलून बॉग्नर, तिथून बस किंवा समुद्राकडेनं चालत. सेंट मेरी चर्चमध्ये ब्लेकच्या नावाची रंगीत काच आहे, हेलीही तिथंच पुरलाय. फॉक्स इन आहे, इमारत नंतरची. वेळ उरला तर चिचेस्टरला जाऊन गिल्डहॉल बघा, तोही उघडा आहे का ते आधी विचारून.

अ_ब_क

धन्यवाद. बायको विचारतेय, जवळ बीच चांगला आहे का.

चिंचोका

गोटे आहेत. चपला घेऊन या.